ठकूबाईची भरलेली मांडी

मंडळी, आज देवाला नाही, तुम्हाला एक प्रश्न विचारते. दुसऱ्याचं घेतलं तर चोरी, हे शेंबडं पोरही सांगेल. पण स्वतःचंच घेतलं तर? आज तुम्ही आहात, आणि वीस वर्षांनी तुमच्याच नावाची एक म्हातारी होणार आहे. तिच्यासाठी ठेवलेलं आजच्या तुम्ही उचललंत — तर पाप लागतं का हो?

उत्तर नंतर द्या, आधी गोष्ट ऐका.

सिन्नरला ठकूबाई नावाची बाई होती. विड्या वळायची. सकाळी कारखान्यात जाऊन वळलेल्या विड्या द्यायच्या, पान-तंबाखू घ्यायची, आणि घरी येऊन मांडीवर सूप घेऊन बसायचं. सुपात तंबाखू, सुपात पानं, सुपात दोरा! दिवस मावळेपर्यंत ते सूप मांडीवरून हलायचं नाही.

आता सांगा — मांडी एक, आणि तिच्यावर सूप. मग लेकरू बसणार कुठं?

तिची सुलभा रांगत यायची, सुपाची कड धरून उभी राहायची. "आई, घे ना!" ठकूबाई म्हणायची, "हात तंबाखूचे आहेत गं, डोळ्यांत जाईल." पोर कडेलाच झोपून जायची. तिच्या जावळाचा वास घ्यावा, असं किती वाटायचं त्या माउलीला! पण वाकलं तर सूप सांडतं. तेव्हाच तिनं मनाशी धरलं — अठ्ठावन्न पुरी होऊ देत. पेन्शन सुरू होईल. सूप फळीवर जाईल, आणि सुलभाचं लेकरू मी दिवसभर या मांडीवरून उतरवणार नाही!

दुसरं काही मागितलं नाही हो तिनं. ना बंगला, ना काशी.

कारखान्यात फंड कापला जायचा. पण तिथल्या बायकांची एक युक्ती होती! राजीनामा द्यायचा — कागदावर. फंडाची, पेन्शनची सगळी रक्कम उचलायची. आणि महिन्या-दोन महिन्यांनी नवीन बाई म्हणून त्याच दारातून पुन्हा आत! हसू नका, तुमच्यातल्या किती जणींनी केलंय, मला ठाऊक आहे.

पहिल्यांदा घरावर पत्रे घातले. गळकं घर, तान्हं मूल — ते देवही माफ करील. दुसऱ्यांदा दिराच्या मुलाचं जावळ निघालं. जाऊबाई म्हणाल्या, "तुमचा फंड पडूनच आहे की!" पडून! जणू अडगळीतली घागर! अडीचशे पान जेवून उठलं. आणि लोक जाताना काय म्हणाले? भात जरा कच्चा होता!

तिसऱ्यांदा सुलभाचं लग्न. मुनीम भला माणूस. म्हणाला, "ठकूबाई, लग्न साधं करा. हे उचललंत की मागची वर्षं जातात."

"जातात कुठं? मी तर रोज तुमच्या समोर उभी असते!"

"कागदावरून जातात, बाई."

"असू द्या. दारात बँड वाजला पाहिजे."

वाजला. तासभर वाजला.

मग अठ्ठावन्न पुरी झाली. ठेवणीतलं लुगडं नेसून ठकूबाई कारखान्यात गेली. मुनिमानं कागद काढले, चष्मा काढला, पुन्हा लावला. "पेन्शनला दहा वर्षं लागतात, ठकूबाई. तुमची सहाच भरतात."

"सहा? अहो, सुलभा तीस वर्षांची आहे! ती पोटात होती तेव्हापासून वळतेय मी!"

"मला माहीत आहे हो. कागदाला माहीत नाही."

भांडली नाही ती. सहा वर्षांचा जो काही फंड होता, तो थोडाच होता. ओचा सावरला, आणि जाताना विचारलं, "आजचं पान देताय ना?"

मंडळी, याला काय म्हणावं?

घरी सुलभा आली होती. तिची तीन वर्षांची ईश्वरी धावत आली. आजीनं सांगून ठेवलं होतं ना, आजपासून मांडी तुझी! पण आजी पुन्हा सूप घेऊनच बसली.

"आजी, सूप ठेव."

"ठेवते हं. एवढा विड्यांचा जुडा बांधून होऊ दे."

"मग?"

ठकूबाईनं सुपातलं नवं पान उचललं. "मग... पुढचा, बाळा."

ती पोर रडली नाही हो! रडली असती तर बरं झालं असतं. ती आजीला वळसा घालून गेली आणि तिच्या पाठीला पाठ लावून बसली. तेवढीच जागा रिकामी होती! ठकूबाई पान गुंडाळत राहिली, आणि पाठीवरची ती ऊब हलू नये म्हणून श्वाससुद्धा बेतानं घेत राहिली. तीस वर्षं जे मागितलं, ते वीतभर अंतरावर — आणि मागच्या बाजूला!

आता उत्तर द्या. चोरी झाली की नाही? कुणी केली? बाई वाईट होती का? नाही हो! ज्यानं मागितलं त्याला दिलं तिनं — जाऊबाईला दिलं, व्याह्यांना दिलं, बँडवाल्याला दिलं. एकीलाच दिलं नाही, कारण ती मागायला आली नव्हती.

तुमची म्हातारीही मागायला येणार नाही. ती अजून जन्मलेली नाही, म्हणून तिला कुणी विचारत नाही. उद्या कुणी म्हणेल, "तुझा फंड पडूनच आहे की." खरंच पत्रे गळत असतील, तर घ्या. पण नुसता बँड वाजवायचा असेल, तर त्या माणसाला एवढंच सांगा — पैसे माझे नाहीत. एका म्हातारीचे आहेत. तिला नातवंडं घ्यायची आहेत.

म्हणा, विठ्ठल विठ्ठल! आणि ज्यांच्या मांडीवर आत्ता लेकरू झोपलंय, त्यांनी टाळी वाजवू नका. तसंच बसा.