बिनफोडणीची आंबेडाळ

आनंद नगरच्या बसथांब्यावर माझ्यापुढे दोघं उभी होती. गृहस्थांच्या पिशवीत कैऱ्या होत्या.

"लोणचं घालताय, विश्वासराव?"

"नाही शशिकलाताई, आंबेडाळ. हरभऱ्याची डाळ आज रात्री भिजत घालेन."

"वाटणार कशात? मिक्सर तर मुलाकडे गेला."

"क्वार्टर सोडायचंय, म्हणून सगळंच पाठवलं. गॅससुद्धा परत केला. खलबत्ता आणि किसणी तेवढी ठेवलीय."

"मग जेवता काय?"

"काकडी, मोड आलेली मटकी, दही-पोहे. भागतं."

"म्हणजे डाळही बिनफोडणीची!"

"कच्चीच. पण रजनी गेली म्हणून तिचं चैत्रातलं हळदीकुंकू मोडायला नको. उद्या या."

"मी? आमचे हे गेल्यापासून मला हळदीकुंकवाला कुणी बोलावत नाही."

"रजनी दरवर्षी म्हणायची, शशिकलाला बोलवायला हवं."

"म्हणायची. बोलवायची नाही."

"वाटीभर डाळ मात्र घरी पाठवायची."

"यायची. मी ती कामवालीला देऊन टाकायचे."

विश्वासरावांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"तुमची बस आली, विश्वासराव."

"जाऊ दे. उद्या येताय ना?"

"येते. डाळ जाडसर वाटा. आणि कुंकू मी घरूनच लावून येईन."