माळकरी मांजर

अगं, आमच्या ईश्वरीनं परवा शाळेत काय धमाल केली, ऐक! गेवराईला त्यांची आनंदनगरी होती. पोरांनी काहीतरी नवीन बनवायचं आणि स्वतःच विकायचं. ही चौथीतली पोरगी म्हणाली, "मम्मी, मी मांजराच्या आकाराची नानकटाई करणार." आम्ही कुकरात भाजली, अगदी कान-शेपटीसकट!

पहिलं गिऱ्हाईक आलं ते कुणाचे तरी आजोबा, गळ्यात तुळशीची माळ.

"हे काय हाय गं?"

"मांजर, आबा. खाऊन बघा."

आबा मागंच सरले. "पोरी, मी माळकरी हाय. मांजर कसं खाऊ?"

मागच्या बाया हसल्या आणि सगळ्या पलीकडच्या भेळेकडं वळल्या. मला वाटलं, आता ही रडणार! पण कसलं काय, ही ठसक्यात म्हणाली, "आबा, माझं मांजर बी माळकरीच हाय. अंडं न्हाई, नुसतं तूप, साखर न् मैदा."

"मग त्याच्या गळ्यात माळ कावून न्हाई?"

"थांबा की, आत्ता घालते!"

तिनं माझ्या पर्समधल्या मुखवासाच्या डबीतली रंगीत बडीशेप काढली आणि मध लावून मांजराच्या गळ्याभोवती दाणा दाणा चिकटवला. आबांनी नानकटाई कपाळाला लावली आणि थेट मुंडकंच तोडलं! "लई झ्याक! अजून एक दे."

झालं, भेळेकडं गेलेल्या बाया पळत परत आल्या. एक म्हणते, "माझ्या मांजरीला मंगळसूत्र घाल गं."

ईश्वरी मान वर न करताच म्हणाली, "दागिन्याचे पैसे वेगळे पडतील, काकू!"