कार्याचं मडकं कोणी नासवलं

सन्माननीय अध्यक्ष मुखिया बायोर आजोबा, व्यासपीठावरच्या मुख्याध्यापिका पर्पेचुआबाई, आजच्या सत्कारमूर्ती क्लोथिल्डामावशी, आणि भाषणाआधी पिटो मिळेल या आशेने भिंतीला टेकून उभे असलेले माझे सगळे मित्रहो,

मी एवारिस्ट. मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. शाळा सहावीत सोडली, तेव्हा फार अलंकारिक येणार नाही.

मावशी उद्याच्या गाडीने कुमासीला लेकीकडे निघाल्या. तीस वर्षं हे गाव त्यांच्या हातचं पिटो प्यायलं. कुमासीत मीही राहून आलोय. तिथे आपल्या ज्वारीच्या आंबवलेल्या पिटोऐवजी बाटलीतली बियर मिळते, बर्फासारखी गार, एकदा तर एका बकरीने... पण ते राहू दे.

फेसाळत्या मडक्यातून चव कशी घ्यावी, हे मला मावशींनी शिकवलं. हात कोपरापर्यंत धुवायचे. भोपळ्याची वाटी उकळत्या पाण्यातून काढायची, एकदाच बुडवायची, झाकण लगेच. आणि बाहेर आलेलं परत आत नाही. मी म्हणालो होतो, "मावशी, घोटभरच उरलंय, ओततो की परत." त्या कडाडल्या, "तुझ्या तोंडचं उष्टं मडक्याला पाजतोस होय रे? पी, नाहीतर मातीला दे!"

इतकं समजावूनही माणूस चुकतो का? चुकतो.

तीन वर्षांपूर्वी माझ्या बापाचं शेवटचं कार्य होतं. ते पिटोशिवाय होत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार? मावशींनी खमीर घातलं, मला राखणीला बसवलं आणि त्या सरपणाला गेल्या. तेवढ्यात वा शहराहून बापाचा जुना दोस्त आला. पाहुण्याला चव द्यायची नाही? दिली. रिवाजाप्रमाणे आधी मी घोट घेतला, विष नाही हे दाखवायला. मग त्याने घेतला. "अजून कोवळं आहे रे," म्हणत अर्धी वाटी परत केली. बापाच्या कार्याचं पिटो मातीत सांडायला माझा हात धजेना. मी ते मडक्यात ओतलं.

कार्याच्या दिवशी झाकण उघडलं, तर आंबट ढाण! मुखियाआजोबा, आठवतंय? भर अंगणात तुम्ही विचारलंत, "क्लोथिल्डा, हे काय करून ठेवलंस?" मावशींनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "माझाच हात चुकला. वाटी उकळायची राहिली."

शेजारणीचं मडकं मागून आणून त्यांनी कार्य पार पाडलं. मला चुलीमागे ओढून म्हणाल्या, "बापाच्या कार्यात पोराला शिव्या नकोत. तू रडून घे."

मी रडलो. आणि आठवड्याने ट्रकच्या टपावर बसून कुमासीला पळालो.

परवा परत आलो, तर बोअरिंगवर दोघी बोलत होत्या, "हात चांगलाय तिचा, पण कार्याला नको गं सांगूस. मडकं नासवते ती." तीन वर्षांत एकाही घराने मावशींना कार्याचं पिटो सांगितलं नाही. आणि त्या? त्यांनी माझं नाव काढलं नाही.

काय म्हणता, मावशी? "बस खाली, मेल्या"? नाही बसत. मुखियाआजोबा, त्याच अंगणातली माणसं इथे बसलीत, म्हणून भर सभेत सांगतो. ते मडकं मी नासवलं. मावशींचा हात कधीच चुकला नव्हता.

मला बोलू दिलंत, सभेचे आभार. मावशींचे आभार कसे मानायचे, ते मला कोणी शिकवलेलं नाही. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. मडक्याचं मात्र पोटात घालू नका. ते घरोघरी सांगा, आजच सांगा, उद्याची गाडी सुटायच्या आत.