एक्केचाळीस अंगठे

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष माननीय धम्मपाल पगारेसर, खास कळवणहून आलेल्या प्रमुख पाहुण्या प्रतिभाताई, व्यासपीठावरचे मान्यवर आणि समोर बसलेल्या ‘वाफा’च्या वाचक बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

‘वाफा’ हा आपला भाजीपाल्या-फुलांचा ब्लॉग. लिहिणारे आम्ही सात जण, वय वर्षं चोवीस ते सत्तर. आज त्याचे शंभर लेख पूर्ण झाले. वर्षभरात शंभर! सुरुवातीला आमचे निवृत्तीभाऊ म्हणाले होते, “बाई, शेतकरी वाचायला बसला तर निंदणी कोण करील?” आता तेच रोज सकाळी किती जणांनी वाचलं ते बघत बसतात. बघा, भाऊ, बघा. आपण सर्वांनी वाचलंत, फोटो पाठवलेत, चुकाही दाखवल्यात, त्याबद्दल मी आपली मनापासून ऋणी आहे.

संयोजकांचा आग्रह असा, की संपादिका या नात्याने ब्लॉग कसा घडला ते मी सांगावं. सांगते. पण आज गोड गोड बोलणं माझ्याच्यानं होणार नाही, अध्यक्षांनी सांभाळून घ्यावं.

शंभरातले एक्केचाळीस लेख विंचूरच्या जहिदाआपांचे. कांद्याचं बी धरण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. लिहिता मात्र येत नव्हतं. त्या फोनवर बोलून पाठवायच्या आणि मी ते ऐकून टाइप करायचे. “सुवर्णाताई, कांद्याच्या डोंगळ्यातलं, म्हंजी फुलाच्या गोंड्यातलं, काळं बी डोकवाया लागलं की लगेच काढायचा. लय वाट बघायची नाय. वारं सुटलं की समदं मातीत!” मग मध्येच, “थांबा हं, कोंबडी घरात शिरली, हुश्श!” आणि हसणं. काय हसायच्या हो आपा! मी ते सगळं गाळायचे. फापटपसारा म्हणायचे त्याला. तेहतीस वर्षं शाळेत शिकवलंय ना, खोडायला हात शिवशिवतात.

आणि पद्धतही माझीच. दोघींचे फोन जुने, सारखे भरायचे. म्हणून मी आपांना शिकवलं, माझं टाइप करून झालं की मी अंगठ्याचं चित्र पाठवीन. अंगठा आला की तुमच्याकडचं बोलणं पुसून टाका, मीही पुसते. आपा शिस्तीच्या. एकदाही विसरल्या नाहीत. एकदा तरी विसरायला काय झालं होतं त्यांना?

रमजानच्या आठ दिवस आधी आपा गेल्या. सकाळी छातीत दुखायला लागलं, दवाखान्याच्या पायरीवरच सगळं संपलं. चाळिसाव्या दिवसाच्या फातिहानंतर त्यांची लेक नाझिया माझ्याकडे आली. ती आज इथे तिसऱ्या रांगेत बसली आहे. मला म्हणाली, “मावशी, अम्मीचा आवाज द्या ना. माझ्या लग्नाच्या व्हिडिओत अम्मी दिसते, पण त्यावर गाणं घातलंय. तिच्या फोनमध्ये तर नुसते तुमचे अंगठे आहेत, एकाखाली एक.”

आमच्या सातही जणांचे फोन धुंडाळून झाले. दुरुस्तीवाल्या दोघांना दाखवून झाले. कुठे काही नाही. एक्केचाळीस वेळा ती बाई माझ्याशी पोटभर बोलली आणि एक्केचाळीस वेळा मी ते केरात टाकलं. कसं सांगू तुम्हाला, काळीज तुटतं माझं.

पोरगी ओरडली नाही. रडलीसुद्धा नाही. म्हणाली, “मग तुम्हीच बोलून दाखवा, अम्मी कशी बोलायची.” मी प्रयत्न केला. शब्द सगळे आठवत होते. पण तोंडातून आवाज निघाला तो शाळेतल्या बाईंचा. दोनच वाक्यं बोलले असेन. नाझियाने माझ्या हातावर हात ठेवला. “राहू द्या, मावशी,” म्हणाली.

असो. अध्यक्ष महोदय, प्रमुख पाहुण्या, सभागृह उघडून देणारी मंडळी, सकाळपासून चहाचं बघणाऱ्या शकुबाई, आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलताना काही कमी-जास्त झालं असेल तर आपण ते पोटात घालालच, सभेची रीतच आहे ती. पण नाझिया, बाळा, तू रीत म्हणून मला माफ करू नकोस. मनापासून जमेल तेव्हाच कर. आणि नाहीच जमलं, तरी येत जा गं माझ्याकडे.