आबांचा रेडिओ आणि अप्पारावांची डबी

हॅलो?… हां, सुशीलाच बोलतेय. बोल भामा… काय?… कोण म्हणालं तुला, मालनबाई?… तिच्या पोटात काही राहत नाही बघ. हौ, उघडला. आपल्या आबांचा रेडिओ यांनी उघडला.

अगं ऐक ना… ऐक तर आधी. मोडला नाही. खोका जसाच्या तसा कपाटावर आहे, तू विणलेला रुमालसुद्धा आहे वर. आतले फक्त दोन ट्रान्झिस्टर, बोटाच्या पेराएवढे सुटे भाग, काढलेत… कशाला म्हणजे? अप्पारावांसाठी.

हो, तेच. यांच्या ऑफिसच्या ऑर्केस्ट्रातले गिटारवाले, उगादीला पुलिहोरा, तो चिंचेचा भात, घेऊन येतात ते. राज्य वाटलं तसं ऑफिसही वाटलं ना… कपाटं, खुर्च्या, माणसं, सगळं. हे राहिले तेलंगणात, अप्पाराव चालले विजयवाड्याला. उद्या सेंड-ऑफ आहे… शाल काय, साहेब लोक देतील. यांना स्वतःच्या हातचं काही द्यायचं होतं.

पायानं दाबायची डबी असते गं. गिटारची वायर तिच्यातून गेली की सूर जाडा, घोगरा निघतो, आबा तोंडात तंबाखू धरून बोलायचे तसा. अप्पारावांची जुनी कधीच मेली, म्हणून हे घरीच नवी बनवायला बसले. अन् तसा आवाज म्हणे जुन्या जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरातूनच निघतो… नाही मिळत. कोठीचा सगळा बाजार पालथा घातला, अफझलगंजातल्या दुकानांत विचारून आले. शेवटी मीच म्हणाले, कपाटावरचा उघडा.

हो, मी. तुला विचारायला पाहिजे होतं, खरंय. माझ्यावर रागाव, यांना काही बोलू नको.

परत बसवायचे?… भामा, फार नाजूक असतात ते. जरा जास्त तापले की गेले. जोडताना हे ओला फडका धरून बसले होते. नुसत्या उन्हानंही बिघडतात. परवा भर दुपारी डबी लावली, तर सूरच फुटेना, नुसती खरखर. हे परेशान. मग मी उचलली अन् फ्रीजमध्ये ठेवली, दह्याच्या पातेल्याशेजारी. थंड झाल्यावर अशी गरजली, की शेजारच्या गंगूनं दार वाजवलं… हसलीस ना?

…अगं, आता रडतेस कशाला… माहितेय गं. आबांचं दुसरं काय राहिलंय आपल्याकडं. तू नको म्हण, नाही देणार. खरंच. उद्या शालच नेतील हे.

थांब जरा… अहो, काय लावलंय?… भामा, फोन ठेवू नको. हे डबी तपासतायत. गिटारला हातसुद्धा लावला नाही अन् स्पीकरमधून कुणी तरी बोलतंय… फोन जवळ नेते. ऐक.

…आलं ऐकू?… हौ, उर्दू बातम्या. हैदराबाद स्टेशन. हे म्हणतात, अशा डब्या कधी कधी रेडिओ पकडतात… तेच तर. आबांच्या बातम्या. त्या वेळी ताटात वाटी वाजली तरी डोळे वटारायचे आपल्यावर…

भामा?… आहेस ना?…

काय म्हणालीस?… देऊ?… बघ हं, परत मागायची नाही… बरं. सांगते अप्पारावांना, विजयवाड्यात संध्याकाळी बातम्यांच्या वेळी गिटार वाजवायची नाही. आमच्या आबांना चालत नाही म्हणावं.

…नाक पूस आधी. मीही पुसते. ठेवू मग? डबी तापायच्या आत फ्रीजमध्ये ठेवायला हवी.