डाळमिलच्या गेटवरचे दोघे

कोणी खरं मानणार नाही, पण काल जळगावात आमच्या डाळमिलच्या गेटवर दोन वॉचमनचं बोलणं मी चोरून ऐकलं.

“सुकदेव, किमान वेतन वाढलं म्हणे. आज चहा तुझ्याकडून.”

“वाढलं ना. पण तेल आणि गॅस त्याच्या आधीच वाढून बसलेत.”

“रडू नको, डबा उघड. भरीत शे ना?”

“शे, दोघांपुरतं. फक्त तू पारोळ्याला परत जायचं नाव काढू नको, अमृत.”

“मी कुठे जातो?”

आज मी हे सांगितलं, तशी टपरीवाली उषा चहा गाळता गाळता थांबली आणि माझ्याकडे वळली.

“सुकदेवनाना, पगार वाढला त्याच दिवशी मालकाने अमृतभाऊंना कमी केलं. ते पारोळ्याला जाऊन महिना झाला. काल गेटवर तुम्ही एकटेच बोलत होता. दोन चहा मीच आणून दिले, नाना. एक तसाच गार झाला.”