खोपीतला तिसरा महिना

—थांबा, थांबा, ते लिवू नका अजून. एकदा मनगट धरलं की झालं काय, कंपाउंडर? पालघरवरनं एवढी सायकल हाणत आलात, तर घटकाभर बसा की. त्या जाळ्यावर बसा, कोरडं हाय. आणि असे अंग चोरून बसू नका, माझ्यातनं काय उडत नाय आता. धर्माजी म्हणायचा, जानूदादाच्या खोपीत दिवा लावायला नको, म्हातारा आपलाच उजळतो. सगळी वाडी हसली त्याला. तिकडं तारापूरला अणूचं काम निघालंय, इकडं मी अणूचं औषध पिऊन आलो — मग काय, लोकांना आयतंच झालं. माझी बायको साखरबाई पण हसली. तोंडाला पदर लावून हसली, पण मी बघितलं.

काय लिवायचं ते मला ठाऊक हाय. मुंबईच्या डॉक्टरानं तुमच्या डॉक्टरला पत्र धाडलं — तीन महिने झाले, म्हाताऱ्याचं वजन, नाडी आणि हाताचा कंप कळवा. नलूनं, माझ्या लेकीनं, वाचून दाखवलं, तिथनं अंगणातनं. मला कुठं वाचता येतं? दुसरीत गुरुजीनं कान पिरगाळला, तो जाऊन होडीत बसलो तो बसलोच. वजन तर झालं मघाशी, माशाच्या काट्यावर, सुरमई तोलतात तसा तोललात मला. वाढलं म्हणता. वाढू दे. हात? हात हा बघा, हलत नाय. पण नाडीचं जरा माझं ऐका. नाडी अजून जोरात हाय असं लिवा. शंभरावर लिवा. तुमचं काय जातं? एक आकडाच तो.

का म्हणून काय विचारता — सांगतो. सांगायचं नव्हतं, पण सांगतो.

दोन वर्षं ही गळ्यातली ग्रंथी उधळली होती. चार माणसांचं जेवायचो आणि अंगावर मास नाय. पौषात घाम. सुकाणू धरलं की हात असा थरथरायचा, होडी डुलत डुलत जायची, खाडीच्या तोंडाशी दोनदा वाळूवर घातली मी. मग सुकाणूवर धर्माजी बसला. माझा भागीदार हाय तो, बारा वर्षं झाली, अर्धी होडी त्याची. बायको वारली त्याची. आता आमच्यात कसं — पुरुष मासे आणतो आणि त्याची बायको विकते, पाटी तिच्या डोक्यावर. धर्माजीचे मासे कोण विकणार? साखरबाई म्हणाली, द्या माझ्या पाटीत, एकाच होडीचे तर हायेत. झालं. माझ्या बायकोच्या डोक्यावर त्याचे मासे. तुमी घाटावरचे, तुमाला त्यात काय दिसायचं नाय. मला दिसायचं. रोज दिसायचं. आणि एके दिवशी किनाऱ्यावर, सगळ्या बायका बसल्या असताना, मी तिची पाटी लाथेनं उडवली आणि बोललो. काय बोललो ते विचारू नका. पापलेटं वाळूत, कावळे त्याच्यावर, आणि ती तशीच उभी, गोळापण करीना.

पंच बसले. ते मला दंड लावणार होते, तेवढ्यात वाडीत तपासायला आलेला तुमचा डॉक्टर माझे डोळे बघून म्हणाला, हा आजार हाय, यानं माणूस तापट होतो, नको ते मनात येतं. साखरबाईनं तेवढं धरलं. पंचांच्या समोर म्हणाली — आजारी माणूस बोलला ते मी पोटात घातलं. पण बरा झाल्यावर हा शब्द एकदा जरी तोंडातनं निघाला, तर मी डहाणूला नलूच्या घरी जाईन, आणि मग मयताला बोलवलं तरी यायची नाय. ती बोलते तशी करते. चाळीस वर्षांत एकदा पण फिरली नाय बोलण्यावरनं.

आता कळलं? तुमी बरा म्हणून लिवलंत की माझं पांघरूण गेलं.

औषधाचं तर वेगळंच. मला वाटलं जाळ असेल. पेलाभर पाणी हो, वास नाय, चव नाय. पण त्याच्या आधी पंधरा दिवस मासे बंद केले. दर्याचं काय पण खायचं नाय, नायतर ग्रंथी औषध घेत नाय म्हणे. आमच्या घरात. तुरीची डाळ माझ्या ताटात, आणि होडीवरनं आलेला धर्माजी माझ्याच ओसरीवर बोंबलाचं कालवण ओरपतोय. ती विचारते, आणखी वाढू? त्याला. मला विचारलं नाय, आणखी डाळ वाढू म्हणून. मग मी काय केलं — त्या दिवसापासनं रोज मागच्या दारी जाऊन दोन मुठी सुका जवळा खायचो. कोरडाच. रागानं. मुंबईला त्यांनी आधी थोडं औषध पाजून गळ्याला यंत्र लावलं आणि डॉक्टर म्हणाला, आजोबा, मासे खाल्ले. मी म्हणालो, देवाशपथ नाय. तो म्हणाला, यंत्राला शपथ कळत नाय. परत धाडलं घरी, महिन्यानं या म्हणून. साखरबाई माझ्यासंगती होती, तिनं सगळं ऐकलं. महिनाभर मग तिनं पण मासे सोडले. माझ्याबरोबर डाळ खाल्ली. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

महिन्यानं परत जाऊन औषध प्यालो, तवा दहा दिवस पोटुशी बाई आणि पोरांपासनं लांब राहा म्हणाले. नलू बाळंतपणाला आलेली, म्हणून मी या खोपीत आलो. दहाचे वीस झाले. नलू मोकळी झाली, मुलगी झाली, चिमी म्हणतात. दोन महिन्यांची झाली. डॉक्टरानं कधीच कळवलंय, नात खुशाल घ्या मांडीवर. मीच म्हणतो, नको, अजून गळ्यात कढत लागतं. ताट तिथं दगडावर ठेवायला मीच सांगितलं. खोपीत हाय तवर मी आजारी हाय ना. आजारी माणसाला कोण काय म्हणणार? आणि चिमीला दर्या कुणी दाखवला पहिल्यांदा? धर्माजीनं. खांद्यावर घेऊन गेला. माझ्या समोरनं.

तो बघा. आला. टोपली घेऊन आला. धरा, आता धरा नाडी, आत्ता. पूर्वी याची चाहूल लागली की इथं छातीत ढोल वाजायचा, कानापर्यंत. मोजा. घड्याळात बघा, माझ्याकडं नको. साखरबाई बाहेर आली. तांब्या दिला त्याला. काय तरी बोलला तो — हसली. बघितलंत? परक्या पुरुषासमोर अशी मान मागं टाकून हसतात काय? माझ्यासंगती ती अशी हसली त्याला किती वर्षं झाली. आता चिमीला घेतली त्यानं. मोजताय ना? किती?

चौऱ्याहत्तर.

चुकलात तुमी. परत मोजा. आत नुसती आग हाय आणि चौऱ्याहत्तर कशी? बोट नीट ठेवा.

…चौऱ्याहत्तर.

म्हणजे ग्रंथी गप झाली. औषधानं तिला मारली आणि हे मनातलं मारलं नाय.

खरं सांगू, कंपाउंडर? त्यांच्यात काय नाय. मला ठाऊक हाय. किनाऱ्यावर बोललो तवा पण ठाऊक होतं. माझ्या सुकाणूवर बसतो आणि होडी सरळ जाते, एवढंच त्याचं पाप. ती हसते, कारण तो हसवतो. मी कवा हसवलं तिला? मला वाटलं होतं, आजार गेला की हे पण जाईल. वाट बघत होतो तीन महिने. खाल्लेलं अंगी लागलं, झोप लागायला लागली, हे बाकी जिथल्या तिथं हाय.

बोलवतेय बघा तुमाला. चहा केलाय तुमच्यासाठी. जा. ती विचारील, कसे हायेत म्हणून. तिचं विचारायचं एकच असतं, डोळ्यांत बघून विचारते. तुमाला खोटं बोलता यायचं नाय, तुमी त्यातले दिसत नाय. चौऱ्याहत्तर लिवा. लिवा म्हणतो ना. बरा हाय म्हणून सांगा. संध्याकाळी घरात येतो म्हणावं, चिमीला बघायला. तोंड कसं मिटून ठेवायचं ते माझं मी बघीन.

आणि जाता जाता ही खाट जरा फिरवून द्या. पाय धरा तिकडनं. दर्याकडं तोंड करा. घराच्या दाराकडं केलेली हाय ती, पहिल्या दिवसापासनं.

थांबा. नको. राहू दे तशीच.

जा तुमी. चहा निवेल.